एका भुंग्याचे वर्णन

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गास आम्ही 'मी पाहिलेला एक जीव' असा विषय निबंधासाठी दिला होता. वह्या तपासावयास बसलो, तो बहुतेक वह्यांतून मोर पिसारा फुलवून नाचत होता. आमच्या गावात मोराचा केकारव ऐकू येतो खरा. पण त्याला नाचताना पाहिलेली मुले वर्गात चार-पाचही नसावीत. तरीही भाषा सफाईदार होती, उपमा ओळखीच्या होत्या. आम्ही आनंदाने गुण देत गेलो.

एका वहीत मात्र मोर नव्हता. त्या मुलाचे वडील पाडेली. कुळागरातील माडांवर चढून नारळ पाडणे आणि शेंड्यात शिरलेला भुंगा लोखंडी आकड्याने ओढून काढणे हा त्यांचा व्यवसाय. मुलाने त्या भुंग्यावरच अर्धे पान लिहिले होते: "रंग काळा, चकाकणारा. पोट तपकिरी. लांबी आगपेटीपेक्षा जरा कमी. पाय सहा, त्यांवर काटे. डोक्यावर एक शिंग, मागे वळलेले, आखूड. शेवटच्या टोकाला तांबूस लव. हातात धरला की चिरचिर आवाज करतो. कोवळे चुडत उलगडण्यापूर्वीच पोखरतो. म्हणून ते उलगडले की कात्रीने कापल्यासारखे दिसते."

आम्ही 'चुडत' खोडून 'झावळी' लिहिले. घरी आम्हीही चुडतच म्हणतो, हे त्या क्षणी आम्हांस आठवले नाही. खाली तांबड्या शाईने शेरा मारला, "हा निबंध नव्हे, यादी आहे. कल्पनाविलास हवा." दहांपैकी तीन गुण.

दुसऱ्या दिवशी तो करवंटीत दोन भुंगे घेऊन आला. "सर, याचे शिंग लांब आहे, पण याला लव नाही. त्याचे आखूड आहे, पण लव दाट आहे. या दोन जाती म्हणायच्या, की एकच?" आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. "अरे, भुंगा तो भुंगा!" असे म्हणून आम्ही फळ्याकडे वळलो. मुले हसली. त्याने करवंटी झाकली व तो जागेवर जाऊन बसला.

पुढील निबंधाचा विषय होता 'रम्य पहाट'. या खेपेस त्याच्या वहीत सोनेरी किरणांची उधळण होती, दवबिंदूंचे मोती होते. ती वाक्ये कोणत्या मार्गदर्शिकेतून आली हे आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही सात गुण दिले आणि 'प्रगती आहे' असे लिहिले.

दिवाळीच्या सुटीत आमच्या विज्ञानशिक्षक स्नेह्यांनी वाचावयास दिलेल्या काही लेखांत, भुंग्याची नवी जात सापडली म्हणजे शास्त्रज्ञ तिचे वर्णन कसे करतात, याची हकीकत मिळाली. ज्या कुळात शेणकिडे, फुलभुंगे आणि आमच्या माडावरचा गेंड्या भुंगा येतो, त्या कुळात आजवर सुमारे ३०,००० जातींची नोंद झाली आहे. तेव्हा रानात अनोळखी भुंगा दिसला, की तो आपल्याला अनोळखी एवढेच सिद्ध होते. संग्रहालयांत जपून ठेवलेल्या त्याच्या भाईबंदांशी तो ताडून पाहावा लागतो. त्यातही नर आणि मादी दिसावयास भिन्न असतात. पूर्वी एकाच जातीच्या नर-मादीस दोन जाती समजून दोन नावे दिली गेली आणि पुढे त्यांतले एक मागे घ्यावे लागले, असे अनेकदा घडले आहे.

हे वाचून आम्ही स्नेह्यांना करवंटीतील भुंग्यांविषयी विचारले. ते म्हणाले, "जात एकच. लांब शिंगाचा तो नर. आखूड शिंगाची, टोकाशी लव असलेली ती मादी." ज्या प्रश्नाला आम्ही हसण्यावारी नेले, तो या शास्त्रातला पहिला प्रश्न होता!

पुढे वर्णन लिहावयाचे. लांबी मिलिमीटरमध्ये, पुढच्या पायांवर दात किती, पंखांच्या कवचावर खळगे कसे, लव कोठे आणि कोणत्या रंगाची. 'मनोहर', 'विलोभनीय' ही विशेषणे तेथे चालत नाहीत. त्या विशेषणावरून दुसऱ्या कोणास तो भुंगा ओळखता येणार नाही, हे त्याचे कारण. वर्णनाला आधार म्हणून एक नमुना कायमचा जपतात; त्यास होलोटाइप म्हणतात. भुंग्याच्या उजव्या पंखाच्या कवचातून टाचणी आणि तिच्याखाली चिठ्ठी: कोठे सापडला, केव्हा, कोणी पकडला. शंभर वर्षांनी कोणास शंका आली, तर त्याने त्या नमुन्याशी ताडून पाहावे. नाव स्थळावरून द्यावे, माणसावरून द्यावे. स्वतःचे मात्र देऊ नये, तो अप्रशस्तपणा समजतात. नेब्रास्का विद्यापीठाच्या संग्रहालयातील ब्रेट रॅटक्लिफ यांनी २०१८ साली तीन नव्या फुलभुंग्यांना एका गाजलेल्या दूरदर्शन मालिकेतील ड्रॅगनांची नावे दिली. निदान त्या निमित्ताने तरी लोकांचे लक्ष भुंग्यांकडे वळावे, हा त्यांचा हेतू.

आमच्या माडावरच्या भुंग्याचे बारसे मात्र जुने आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली त्यास गेंड्यावरून नाव दिले. ब्रिटिश संग्रहालयातील गिल्बर्ट अ‍ॅरो यांनी १९१० साली हिंदुस्थानातील अशा शिंगाळ भुंग्यांवर एक ग्रंथच लिहिला.

पण मनात रुतून बसली ती निराळीच गोष्ट. डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे एक लांबट भुंगा पकडला. तो वेगळ्या कुळातला; डोके हिरवट निळे, स्पर्शिका करवतीसारख्या. तो लंडनच्या संग्रहालयात पोहोचला आणि वर्णनावाचून पडून राहिला. २०१४ साली अमेरिकेतील प्राध्यापक स्टिलियानोस चात्झिमानोलिस यांनी तो निरखून पाहिला, वर्णन लिहिले, आणि डार्विनच्या नावावरून त्यास 'डार्विनिलस' म्हटले. म्हणजे खुद्द डार्विनने पकडलेल्या किड्यालाही नाव मिळण्यास १८२ वर्षे लागली. पकडणारा थोर होता, म्हणून भागले नाही. कोणीतरी बसून, निरखून, जसे आहे तसे लिहावे लागले.

ती ओळ वाचली आणि आमच्या डोळ्यांसमोर ते अर्धे पान उभे राहिले. त्या मुलाने जे केले होते ते हेच. कल्पनाविलास त्याला येत नव्हता असे नव्हे; त्याने भुंगा पाहिला होता, म्हणून त्याला त्याची गरज पडली नाही. आणि आम्ही भाषेचे शिक्षक! आम्ही त्याला न पाहिलेले लिहावयास शिकवले, आणि तो ते शिकल्यावर 'प्रगती आहे' म्हणालो.

सुटी संपल्यावर आम्ही त्याची वही मागून घेतली व वर्गात ते अर्धे पान वाचून दाखवले. 'झावळी' खोडून पुन्हा 'चुडत' लिहिले. तीनाचे नऊ केले. दोन भुंग्यांची जात एकच, हेही सांगितले, आणि त्या दिवशी आम्ही हसण्यावारी नेले ते चुकलो, असे म्हणालो. वर्ग शांत होता. तो मुलगा उभा राहिला. "सर, मग पहाटेचे सात कापणार का?"

आम्ही क्षणभर थांबलो. "ते गुण तुला नव्हते रे, आमच्या शिकवणीला होते," आम्ही म्हणालो. "कापायचे तर आमचेच कापले पाहिजेत."

विद्यार्थी मित्रहो, यंदाही आम्ही तोच विषय दिला आहे. मोरावर लिहावयास आमची हरकत नाही. मात्र लिहिण्यापूर्वी तो एकदा पाहून या.