किल्लीची मूठ

आमच्या दोंडाईच्यात मिरचीच्या पथारीवर अम्मीने पंचवीस वर्षे देठे खुडली. आता संधिवाताने बोटे वाकलीत. मी शाळेतून परतले की ती ओट्यावर बसलेली दिसे. "अंदर गरमी होती है," म्हणायची. डिसेंबरातही! मुठीतली किल्ली मला फार उशिरा दिसली.

लॅचची किल्ली फिरवायला अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते. अम्मीची चिमूटच पथारीवर राहिली. 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू वृद्धांना काठी, चष्मा, कवळी मिळते. किल्लीसाठी कशाचा अर्ज करायचा?

आठवीच्या वर्गात मी तरफ शिकवते. दांडा लांब, तर जोर कमी. घरात ते आठवायला मला दोन वर्षे लागली! सुताराने चार इंची दांडक्याला खाच पाडली, किल्लीचे डोके त्यात बसवून तिच्याच भोकातून आरपार स्क्रू आवळला. इंचभर डोक्याला लागायचा त्याच्या चौथाई जोर आता पुरतो, तोही पंजाने. बटव्यात मावत नाही, एवढीच अम्मीची तक्रार.

काल घरी आले तर दार बंद. अम्मी खालाकडे गेलेली, मूठवाली किल्ली तिच्यापाशी. माझी मी सकाळी घरातच विसरले होते. मगरिबपर्यंत ओट्यावर बसून राहिले.