हरकत असल्यास

२०२४ च्या जुलैमधल्या एका रात्री आमच्या परसातल्या जांभळाची मोठी फांदी मोडली आणि शेजारच्या काकूंच्या छपरावर पडली. पाऊस कोसळत होता, वारा समुद्राकडून येत होता. दोन पत्रे फुटले. काकू आणि त्यांची नात आतल्या खोलीत झोपल्या होत्या म्हणून निभावलं. भाईजाननी सकाळीच नवे पत्रे आणून बसवून दिले. काकूंनी चहा पाजला आणि विषय संपवला.

आमच्या घरात मात्र विषय तिथून सुरू झाला. भाईजानच्या मुलाचं लग्न ठरत होतं. मागच्या बाजूला दोन खोल्या काढायच्या होत्या, आणि जांभूळ नेमकं त्या जागेत उभं. फांदी पडली हे खरं, झाड धोक्याचं आहे हेही काही अंशी खरं. पण फांदी पडली नसती तरी भाईजान आज ना उद्या या विषयावर आलेच असते.

‘‘रविवारी माणूस मशीन घेऊन येईल. संध्याकाळपर्यंत परस मोकळं,’’ ते म्हणाले. ‘‘सोमवारी कोण विचारायला येतंय?’’

मी वर्गात दर पावसाळ्यात मुलांकडून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ यावर निबंध लिहून घेते. तरी खरं सांगते, त्या वेळी मी मान हलवली. भाच्याचं लग्न डोळ्यासमोर होतं. जांभळाचं काय, दुसरं लावता येईल, असं मनात आलं.

आम्ही थांबलो ते झाडावरच्या प्रेमाने नाही. अब्बांची एक शिकवण होती: आपला कागद नेहमी पक्का असावा. कुणी फोटो काढला, तक्रार केली, तर दहा माणसांसमोर उत्तर द्यावं लागेल, आणि आपल्या नावाकडे बघून उत्तर जरा जास्तच मागितलं जाईल, असं ते म्हणत. तेव्हा अर्ज करायचा ठरला. अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

लिहिण्याआधी मी कायदा समजून घेतला. डहाणू शहरात नगर परिषद आहे, त्यामुळे इथे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागतो. झाड माझ्या जागेत आहे, मी लावलं आहे, हे पुरेसं नाही. अर्ज करायचा, वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायची, झाडावर सगळ्यांना दिसेल अशी नोटीस लावायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि मग निर्णय. परवानगी मिळाली तरी लगेच कुऱ्हाड चालवता येत नाही, पंधरा दिवस थांबावं लागतं. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड आता ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा वृक्ष ठरतं. आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावून ती सात वर्षं जगवायची.

हे वाचून दाखवल्यावर भाईजान गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘वय चाळीस लिही.’’

आमचं जांभूळ अब्बांनी १९७३ च्या पावसाळ्यात लावलं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याच पावसाळ्यात भाईजानचा जन्म झाला. झाडाच्या जन्माचा दाखला नसतो. चाळीस लिहिलं असतं तर कदाचित खपलंही असतं. मी पेन हातात धरून बसले होते.

अम्मी पलंगावर तस्बीह घेऊन बसली होती. इतका वेळ काही बोलली नव्हती. म्हणाली, ‘‘झाड की उमर कम करनी है, तो पहले अपनी कम करा ले.’’

सगळे हसले, भाईजानसुद्धा. मी एक्कावन्न लिहिलं. आपल्याकडे खोटी गवाही हा मोठा गुन्हा मानतात. पण ती कोर्टात, शपथेवर दिली तरच खोटी, अशी आपण सोयीची समजूत करून घेतलेली असते. अर्जातला एक आकडाही गवाहीच आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं, तेही आईच्या टोमण्यामुळे.

या काळात मी रोज एसटीने तलासरीला जात होते. शाळेतल्या एका वारली सहकाऱ्यांना हा सगळा प्रकार सांगितला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं सोपं आहे. आमच्या गावात बघा.’’ ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. त्याच्या यादीत साग, ऐन, मोह, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि आदिवासी खातेदाराला आपली झाडं विकायची असतील तर त्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे.

मला वाटलं, हे तर आदिवासी माणसाला स्वतःच्या झाडासाठी चकरा मारायला लावणं झालं. मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, चकरा आहेतच, त्याचा वैतागही येतो. पण त्यांच्या आजोबांच्या बांधावरचे साग एका व्यापाऱ्याने नेले होते. कागदावर आजोबांचा अंगठा होता, पैसे मात्र कधीच आले नाहीत. ‘‘त्या वेळी मध्ये कुणी तिसरा माणूस असता, विचारणारा, तर बरं झालं असतं.’’

तलासरीत हा इतिहास जुना नाही. याच तालुक्यातल्या झरी गावात १९४५ मध्ये वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले. झाड तोडणारे हात त्यांचे होते, झाडाचा पैसा दुसऱ्यांचा होता. परवानगी म्हणजे नुसती अडवणूक, ही माझी समजूत त्या दिवशी जरा हलली. घाईत होणाऱ्या व्यवहारात ज्याचं नुकसान होणार, त्याला बोलायला मिळालेली ती सवड असते.

आमच्या जांभळावर नोटीस लागली. ‘हरकत असल्यास’ कळवावं, अशी तिची भाषा. येता-जाता लोक वाचू लागले. काकूंची नात रोज मोठ्याने वाचायची.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे असल्या शब्दांपाशी थबकते. सरकारी मराठीतले अर्ज, मंजुरी, मुदत, तारीख, दाखला हे सगळे आमच्या घरातलेच शब्द. पण ‘हरकत’ने वाटेत अर्थ बदलला. मराठीत हरकत म्हणजे आडकाठी. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. अक्षरांना ज़ेर, ज़बर, पेश लावतात, त्यांनाही हरकतच म्हणतात. ती लागली की अक्षराला स्वर मिळतो.

नोटीस लागून तीन दिवस झाले आणि अम्मीने मला जवळ बोलावलं. ‘‘मेरे नाम से भी एक अर्जी लिख दे.’’

‘‘कसली?’’

‘‘हरकत की.’’

घर अब्बांनी हयातीतच भाईजानच्या नावावर केलं होतं. कागदावर अम्मीचा परसावर काही हक्क नव्हता. मुलाला थेट नाही म्हणणं तिच्याच्याने झालं नसतं, नातवाच्या लग्नात तर नाहीच. पण नोटिशीत मालकाने हरकत घ्यावी असं म्हटलेलं नव्हतं. कुणीही घ्यावी, असं होतं. मी मराठीत लिहिलं, तिने खाली उर्दूत सही केली. भाईजानचा अर्ज आणि त्यावरची हरकत, दोन्ही माझ्याच अक्षरात. भाईजानना मी त्याच रात्री सांगितलं. ते बराच वेळ परसात उभे राहिले. रागावले नाहीत. ‘‘मला सांगायचं होतं तिने,’’ एवढंच म्हणाले. पण आम्ही तिला विचारलं कधी होतं?

डहाणूकरांना हरकत हा शब्द नवा नाही. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने आमचा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. इथल्या बागा, आदिवासी भाग, हिरवे पट्टे आराखड्यात दाखवायचे आणि त्यांचा वापर बदलायचा नाही, असं त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. चिकूच्या वाड्या टिकल्या त्यात या कागदांचाही वाटा आहे. मोठ्यांनाही विचारावं लागतं. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला सरकारी कंपनीला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती परवानगी मिळाली. वाढवण बंदराला मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तरी ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने ना हरकत दिली. म्हणजे हरकत घेतली की ती मान्य होतेच असं नाही. आमचे भाईजान एका जांभळासाठी थांबतात आणि तिकडे हजारोंचा हिशेब एका आदेशात होतो, हे बोचतंच. पण म्हणून आपण विचारणं सोडायचं, हा त्यातून काढायचा धडा नव्हे.

आमच्या गोष्टीचा शेवट साधा आहे. निर्णय येण्याआधीच भाईजाननी तोडण्याचा अर्ज मागे घेतला आणि काकूंच्या छपराकडे झुकलेल्या फांद्या छाटण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. खोली एकच काढली, दुसरी वर चढवली. खर्च वाढला, तो आम्ही भावंडांनी वाटून घेतला. भाच्याचं लग्न झालं आणि भांडी घासायची जागा जांभळाखालीच होती.

झाड लावावं, त्याचं फळ पाखराने खाल्लं तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतं, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा तो सदका आम्ही एका रविवारी, संध्याकाळपर्यंत, बंद करणार होतो.

या जूनमध्ये जांभळं भरपूर आली. काकूंचे नवे पत्रे जांभळे झाले. त्यांनी तक्रार केली, आणि तक्रार करता करता टोपलं पुढे केलं.