पाणी जास्त झालं असेल

‘काकू, पाणी जास्त झालं असेल.’ त्या वर्षी हे मी तिघांकडून ऐकलं. अजूनही आठवलं की चीड येते. परभणीतल्या बाईला सांगता, पाणी जास्त झालं? आमच्या गल्लीत तेव्हा नळ दहा-बारा दिवसांनी यायचा. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत धरलं जातं. अशा घरात कुंडीत कोण भसाभसा ओतणार?

झाड लेकीनं दिवाळीत पुण्याहून आणलं होतं. कॅलेथिया. मूळ ब्राझीलच्या जंगलातलं, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारं. पानं वरून हिरव्या पट्ट्यांची, खालून वांग्याच्या रंगाची. दिवेलागणीला ती हात जोडल्यासारखी उभी राहतात आणि सकाळी पुन्हा पसरतात. मी रोज बघत बसायची. जानेवारीत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, फेब्रुवारीत पानं पापडासारखी वाजायला लागली.

रोपवाटिकेतला मुलगा म्हणाला, पाणी जास्त. जाऊबाई म्हणाल्या, पाणी जास्त. फोनवर लेकही तेच म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. मी पाणी कमी केलं, झाड आणखी वाळलं. कोणतं पाणी घालतेस, हे एकानंही विचारलं नाही.

शेवटी ते विचारलं समोर राहणाऱ्या भाऊंनी. कृषी विद्यापीठात माती तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर त्यांनी नखानं खरवडला आणि म्हणाले, ‘वहिनी, हे मीठ आहे.’ मी घालत होते ते आरओच्या बारक्या नळीतून बाहेर पडणारं पाणी. मोरीत जाणारं पाणी झाडाला दिलं, याचं मला समाधान होतं. भाऊंनी मीटर आणून मोजलं. आमच्या बोअरमध्ये विरघळलेले क्षार लिटरला सातशे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात पाचशेपर्यंत असावेत असं मानक आहे. आरओच्या शुद्ध पाण्यात साठ, आणि नळीतून पडणाऱ्यात अकराशेच्या वर. गाळून काढलेलं सगळं मीठ मी कपाकपानं कुंडीत साठवत होते. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. ते पानाच्या टोकाशी जाऊन बसतं आणि तिथून पान जळतं.

मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. माझं माहेर मानवतकडचं. जायकवाडीच्या कालव्याखाली क्षारपड झालेली पट्टी मी लहानपणी पाहिली आहे. तिथे ज्वारी हातभरही व्हायची नाही आणि उन्हात जमीन पांढरी दिसायची. तेच कुंडीत घडत होतं.

उपाय ऐकून तर मी गप्पच झाले. क्षारपड जमिनीतलं मीठ पाणी देऊन खाली धुऊन काढतात, तसं कुंडीतून भरपूर चांगलं पाणी वाहू द्यायचं. म्हणजे झाडाला पाणी हवं होतं, आणि तेही जास्त! फेब्रुवारीत पावसाचं पाणी कुठून आणायचं? मी पिण्याचं गाळलेलं सहा लिटर पाणी कुंडीत ओतलं आणि ते खालच्या भोकातून वाहून जाताना बघत उभी राहिले. हात कापत होता. ज्या गावात बायका पाण्यासाठी रात्री जागतात, तिथे असलं झाड ठेवूच नये, असं मी त्याच दिवशी लेकीला सांगितलं. आजही मला ते खरं वाटतं. पुण्या-मुंबईच्या हवेचं झाड मराठवाड्यात विकताना, इथलं बोअरचं पाणी याला चालत नाही, एवढं सांगायची विक्रेत्याला सक्ती हवी.

पानांच्या कडा जळण्यात इथल्या कोरड्या हवेचाही हात होता. आता कुंडी कूलरच्या खोलीत असते, पण वाऱ्याच्या झोतापासून लांब. आरओच्या नळीचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात जातं. जूनमध्ये पत्र्यावरचा पहिला पाऊस सोडून पुढचा मी दोन कॅनमध्ये भरून झाकून ठेवते.

गेल्या वर्षी ते दोन्ही कॅन एप्रिलमध्येच संपले. पारा त्रेचाळीसवर होता. रात्री सगळे झोपल्यावर मी माझ्या पिण्याच्या तांब्यातलं एक भांडं कुंडीत ओतलं. आठवड्यानं ज्वारीच्या पोंग्यासारखी नव्या पानाची सुरळी वर आली.