वसईच्या चर्चमधला स्वयंपाकाचा वर्ग

वसई म्हटले की आपल्याला चिमाजी आप्पा आणि वसईचा किल्ला आठवतो. १७३९ साली मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. किल्ला जरूर पाहावा. पण किल्ला पाहून तसाच परत फिरणारा माणूस अर्धीच वसई पाहतो. उरलेली अर्धी वसई पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशा गावांच्या वाड्यांतून आहे, आणि शेतकरी माणसाला तीच अधिक भावेल.

पश्चिम रेल्वेने वसई रोड स्टेशनवर उतरावे आणि पश्चिमेच्या बाजूने बसमध्ये बसावे. स्टेशनजवळ आता उंच इमारतींची दाटी झाली आहे. ती मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, पानवेली, भाजीचे वाफे, मोगऱ्याचे ताटवे आणि मधूनमधून विहिरी दिसू लागतात. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली वसईची सुकेळी तुमच्यापैकी काहींनी चाखली असतील. या हिरव्या पट्ट्याच्या आणि गोड्या पाण्याच्या रक्षणासाठी येथील लोकांनी मोठी चळवळ केली. तिचे एक पुढारी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

यावरून एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. येथील ख्रिस्ती शेतकरी आपलाच मराठी माणूस आहे. पोर्तुगिजांच्या अमलात त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला, पण शेती आणि भाषा बदलली नाही. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी समाजात घरी सामवेदी बोली चालते आणि चर्चमध्ये प्रार्थना मराठीतून होते. वयस्कर बायका अजून लाल चौकड्यांच्या लुगड्यात दिसतात.

अशाच एका गावी मी भाजीची लागवड पाहायला गेलो होतो. रविवार होता. वाडीचे मालक म्हणाले, "साहेब, वाफे काय, दुपारीही दिसतील. आधी आमच्या चर्चच्या हॉलात चला. आज भांडीवाल्याचा वर्ग आहे."

भांडीवाल्याचा वर्ग म्हणजे काय ते मला कळेना. जाऊन पाहिले तो हॉलात तीसेक बायका सतरंजीवर बसलेल्या, भिंतीशी पाचसात पुरुष उभे, समोर लांब टेबलावर दोन गॅसच्या शेगड्या आणि मधोमध एक घड्याळ. तालुक्याच्या बाजारात भांड्यांचे दुकान असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ बाह्या सरसावून उभा होता. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. पण बायका त्याला घरच्यासारखे "भाऊ" म्हणत होत्या आणि तो थोरल्या बायकांना "मावशी" म्हणत होता.

त्याने एकाच पोत्यातली तूरडाळ सारखी मोजून घेतली. अर्धी पातेल्यात आणि अर्धी प्रेशर कुकरमध्ये घालून दोन्ही भांडी एकाच वेळी चढवली. मग तो गप्प उभा राहिला. कुकरमधली डाळ मऊ शिजून खाली उतरली, तेव्हा पातेल्यातली नुकती कुठे फुटू लागली होती. त्याने दोन्हींतले दाणे बायकांच्या तळहातावर ठेवले आणि चिमटून पाहायला सांगितले.

मला त्या क्षणी आपले पीक प्रात्यक्षिक आठवले. शेजारी शेजारी दोन वाफे, एकात सुधारित पद्धत, दुसऱ्यात नेहमीची, आणि बांधावर शेतकरी. अमेरिकेत १९०३ साली सीमन नॅप यांनी टेक्सासमधील एका शेतकऱ्याच्या शेतावर असेच प्रात्यक्षिक घडवून आणले, आणि तेथून विस्तार कार्याला नवी दिशा मिळाली. ऐकलेले माणूस विसरतो. आपल्या शेजाऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत केलेले विसरत नाही.

कुकरमधले अन्न लवकर का शिजते, हेही त्याने सोप्या शब्दांत सांगितले. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशाला उकळते. मग कितीही जाळ केला तरी ते त्याहून तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. एकदा शिट्टी झाली की पुढे आच मोठी ठेवून काही लाभ नाही. जादा वाफ शिट्टीवाटे निघून जाते आणि तुमचा गॅस तिच्याबरोबर जातो. "म्हणून मावशी, शिट्ट्या मोजू नका, मिनिटे मोजा," तो म्हणाला. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करायची आणि घड्याळ पाहायचे.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. बायकांनी घरचे जुने कुकर बरोबर आणले होते. त्याने एकेक झाकण हाती घेऊन तपासले. वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहिले. रबरी रिंग वाकवून तिला चिरा पडल्या आहेत का ते पाहिले. एका झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कोणीतरी साधा स्क्रू आवळून बसवला होता. त्याने ते झाकण कोणाचे हे न सांगता सर्वांना दाखवले आणि म्हणाला, "शिट्टीची नळी तुंबली, तर वाफेला ही दुसरी वाट असते. ती बंद केली म्हणजे चुलीवर सुरुंग ठेवला." हॉलात एकदम शांतता झाली.

कुकरचा मूळ शोध १६७९ सालचा, देनी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाचा. कोंडलेल्या वाफेने भांडे फुटू नये म्हणून त्यानेच सुरक्षा झडप बसवली. म्हणजे झडपेचे महत्त्व तीनशे वर्षांहून अधिक काळ माणसाला ठाऊक आहे, आणि आपण पाचपन्नास रुपये वाचवायला तेथे स्क्रू बसवतो.

मग गावातल्या एका आजीबाईंनी पुढचा वर्ग घेतला. त्यांनी इंद्याल करून दाखवले. त्यात व्हिनेगर पडते. असा आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवून ठेवू नये, मातीचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे, हे त्यांनी बजावले. आपल्या चिंचेच्या आमटीला आणि ताकाच्या कढीलाही हेच लागू आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असेल तर त्यात आंबट मुळीच करू नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये आणि त्यावर लोखंडी उलथने चालवू नये. बिडाचा तवा मात्र नीट तेल पाजून राखला तर सुनेच्या सुनेपर्यंत टिकतो. भांडीवाल्याने आपल्या दुकानातला नवा तवा विकण्याऐवजी बायकांचा जुना तवा कसा राखावा ते शिकवले, याचे मला नवल वाटले.

वर्ग संपल्यावर मी त्याला विचारले, "तुमचा धंदा कसा चालतो मग?" तो हसून म्हणाला, "साहेब, फादरांची अटच आहे. हॉल फुकट मिळेल, पण हॉलात एकही वस्तू विकायची नाही आणि नावनोंदणीही करायची नाही. सुरुवातीला मला ती जड वाटली. पण आता या बायका रिंग घ्यायलासुद्धा दुसऱ्या दुकानी जात नाहीत."

फादरांची अट मला फार शहाणपणाची वाटली. प्रार्थनेच्या जागी माणूस नाही म्हणायला संकोचतो. शेजारीण घेते म्हणून आपण घेतो आणि मग हप्ते फेडत बसतो. शिकणे आणि विकणे यांत चार दिवसांचे अंतर ठेवले की गिऱ्हाइकाला घरी जाऊन विचार करता येतो.

जाता जाता एका तरुण मुलीशी बोलणे झाले. तिच्या घरची फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जाते आणि ती स्वतः घेऊन जाते. निघण्यापूर्वी घरच्यांचे जेवण करून ठेवावे लागते. माहेरी एकदा कुकरचे झाकण उडालेले तिने पाहिले होते. त्या भीतीने सासरचा कुकर तिने माळ्यावर टाकला होता आणि रोज अडीच वाजता उठून पातेल्यात डाळभात रांधत होती. त्या दिवशी भांडीवाल्याने तिच्याच हाताने कुकर लावून घेतला आणि वाफ पूर्ण जिरल्यावर तिच्याच हाताने उघडून घेतला. ती मला म्हणाली, "साहेब, आता तासभर झोप मिळेल." कष्टकरी बाईच्या एका तासाच्या झोपेची किंमत कोणत्या भांड्यावर छापलेली नसते.

भगिनींनो, असा वर्ग तुमच्या गावीही भरवता येईल. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप किंवा शाळेची खोली यांतले काहीही चालेल. बचत गटाने पुढाकार घ्यावा आणि तालुक्यातल्या एखाद्या भल्या दुकानदाराला बोलवावे. त्या दिवशी विक्री करायची नाही, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. रांधायला गावातलीच सुगरण बाई असावी. प्रत्येकीने घरचा कुकर बरोबर आणावा. कुकरमध्ये डाळी-कडधान्ये अर्ध्याहून अधिक भरू नयेत, झाकण जोर लावून उघडू नये, रिंग आणि व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्यावेत आणि नवा कुकर घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहावे, एवढ्या गोष्टी तरी सर्वांना पाठ व्हाव्यात. आणि बंधूंनो, वसईत भिंतीशी उभे असलेले ते पाचसात पुरुष विसरू नका. तुम्हीही जा. रिंग बदलायला बाजारात बहुधा तुम्हालाच धाडले जाते.