सौदा मोडला तरी ज्याला फरक पडत नाही

परभणीत घर घ्यायचं म्हटलं की आधी एजंट भेटतो, मग बँक, मग वकील. घर नीट तपासून सांगणारा माणूस मात्र कुणी सुचवत नाही. अमेरिकेत खरेदीदार स्वतःच्या पैशाने होम इन्स्पेक्टर आणतो. आपल्याकडे त्या जागी ओळखीचा मिस्त्री असतो. तो भिंतीवर दोन थापा मारतो, ‘काम मजबूत हाय’ म्हणतो आणि चहा पिऊन जातो.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यांच्या फंडाचे पैसे आणि माझं कर्ज मिळून बारा वर्षं जुनं एक घर घ्यायचं चाललं होतं. “बँकेचा इंजिनिअर येऊन गेला की, आता आणखी कशाला?” बाबांनी विचारलं. पण तो आला होता बँकेसाठी. कर्ज बुडालं तर घर विकून वसूल होईल का, हा त्याचा प्रश्न. वकील कागद बघतो. एजंटला सौदा झाला तरच टक्का मिळतो. मिस्त्रीला पुढचं दुरुस्तीचं काम हवं असतं. आमच्या धंद्यात कोड लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असतो, तो याचसाठी.

कायद्यावरही सगळं सोडता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. आमच्या घराची ती मुदत कधीच संपली होती.

आणि आपल्याकडची खरी गोम जमिनीखाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. कापसाला ती चांगली. घराचा पाया मात्र ती दरवर्षी हलवते. म्हणून पाया त्या थराखाली, मुरमापर्यंत न्यावा लागतो. त्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडचे ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले.

मी तीन सिव्हिल इंजिनिअरांना तेच चार प्रश्न विचारले. विकणाऱ्याशी किंवा एजंटशी संबंध आहे का? घर घेतलं नाही तरी फी तेवढीच का? अहवाल लेखी, सहीनिशी द्याल का? काळ्या मातीवरची किती घरं तपासलीत? पहिले म्हणाले, “लेखी कशाला, आपलीच माणसं!” दुसरे म्हणाले, “दुरुस्तीपण मीच करून देतो.” तिसऱ्या मॅडम होत्या. त्यांनी उलट विचारलं, “पाऊस पडून गेल्यावर बघू या का? दिवाळीचा रंग लागला की काही दिसत नाही.”

त्या आल्या आणि तीन तास थांबल्या. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली होती. ती नुसती गिलाव्यात आहे की विटांतून आरपार गेली आहे, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. आरपार होती. बाहेर त्याच भिंतीच्या पायाशी सांडपाणी मुरत होतं. अहवाल चार पानांचा. शेवटी लिहिलं होतं : पाया किती खोल आहे हे खड्डा घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. आपल्याला काय कळलेलं नाही, हेही जो सहीनिशी लिहून देतो, त्याच्या बाकीच्या लिहिण्यावर विश्वास बसतो.

विकणारे बाबांच्या जुन्या सहकाऱ्याचे मेहुणे. “त्यांना खड्डा घेऊ द्या म्हणायचं कसं?” बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. अखेर त्यांनी अहवालच पुढे ठेवला. ‘मला शंका आहे’ म्हणण्यापेक्षा ‘इंजिनिअरांनी सांगितलंय’ म्हणणं सोपं गेलं. मालकांनी खड्ड्याला नकार दिला. आम्ही सौदा सोडला.

गावात काही जण म्हणाले, फी वाया गेली. बाबांनी हिशेबाच्या वहीत ती ‘घर’ या खात्यावरच लिहिली आहे. आता ते दुसरी घरं बघायला जातात तेव्हा आधी मागच्या बाजूला जातात आणि सांडपाणी कुठं जातं ते बघतात.