राजीनामा की बदली?

सातपूर आणि अंबड या आपल्या नाशिकच्या दोन औद्योगिक वसाहती एकमेकींना लागूनच आहेत. इथला कामगार एक कंपनी सोडतो आणि दोन चौक पुढच्या दुसऱ्या कंपनीत लागतो. त्यामुळे ज्या मालकाला आपण सलाम करून निघालो, त्यानेच एक दिवस आपली नवी कंपनी विकत घेतली, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तरीही माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हे घडले तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही.

पहिल्या कंपनीत त्याने सहा वर्षे काढली. ओव्हरटाइमच्या हिशेबावरून प्रोडक्शन मॅनेजरशी खटका उडाला आणि तो नोटिशीचा महिना पूर्ण न करताच निघाला. कंपनीने त्याचा शेवटचा पगार अडवला. ऑफिसातल्या एका मित्राने सांगितले की त्याच्या फाइलवर ‘पुन्हा घेऊ नये’ असा शेराही आहे. दुसऱ्या कंपनीत त्याला चार वर्षे चार महिने झाले होते. वडाळा गावात घेतलेल्या घराचे हप्ते चालू होते. आणि आता कळले की घेणारी कंपनी तीच. “आपा, जिथून निघालो तिथेच परत,” एवढेच तो म्हणाला.

मोठ्या भाईजानांचे मत पडले की त्यांनी काढण्याआधी आपणच सोडावे, इज्जत तरी राहील. मला ते पटले नाही. इज्जतीने हप्ता भरला जात नाही.

अशा प्रकारचे मोठे उदाहरण आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. टाटांनी १९३२ मध्ये सुरू केलेली विमान कंपनी १९५३ मध्ये सरकारची झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. त्या विक्रीत पहिले एक वर्ष कोणालाही कमी करायचे नाही, अशी अट होती. मग टाटांचीच दुसरी कंपनी विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. ज्याने एअर इंडिया सोडून विस्तारा धरली असेल, तो त्या दिवशी पुन्हा जुन्याच नावाखाली आला. पण तिथे वाद पेटला तो जुन्या रागलोभावरून नव्हे. विलीनीकरणाआधी, २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये, पगाराची नवी रचना आली. पूर्वी वैमानिकांना ७० तासांच्या उड्डाणाचा पगार ठरलेला असे, तो ४० तासांवर आला. अनेक विमाने रद्द झाली. मालक कोण, यापेक्षा कागदावर काय लिहिले आहे, हा प्रश्न मोठा ठरला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कंपनी कायदा हा काही माझा विषय नाही. पण घरातले इंग्रजी कागद वाचून सांगण्याचे काम नेहमी माझ्याकडेच येते. ओळखीच्या एका वकिलांना विचारले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला: शेअर विकले की कारखाना विकला? आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. फरक असा की फक्त शेअर विकले गेले तर कंपनी तीच राहते, तिचे मालक तेवढे बदलतात. नेमणूकपत्रावरचे नाव तेच, नोकरी तीच, नव्याने काही सही करायचे कारण नाही. कारखानाच एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, तर मात्र नोकरी देणारा बदलतो. तेव्हा पूर्वी, २०२५ पर्यंत, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम २५ एफएफ कामाला येत असे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. नवा मालक नोकरी खंड न पडता चालू ठेवणार, अटी पूर्वीपेक्षा वाईट करणार नाही आणि पुढे कधी कपात केली तर भरपाई देताना मागची वर्षेही मोजणार, या तिन्ही गोष्टी असतील तर कामगाराला वेगळी भरपाई मिळत नाही. यातली एक जरी नसेल तरी तो भरपाई मागू शकतो: दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार.

भावाच्या बाबतीत कारखाना विकला गेला होता. आठवड्याने दोन कागद हाती आले. एक नव्या कंपनीचे नेमणूकपत्र, सहा महिन्यांच्या प्रोबेशनसह. दुसरा जुन्या तारखेचा राजीनामा, फक्त सही करायची.

सासूबाई मालेगावच्या, मराठी त्यांना जेमतेम कळते. ‘राजीनामा’ ऐकून त्या खूश झाल्या: चला, समेट झाला! उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्षांच्या रजामंदीचा कागद; नोकरी सोडण्याला तिथे इस्तीफा म्हणतात. शब्द एकच, पण मराठीत येता येता उलटा फिरला. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. त्या दिवशी मला हसू आले नाही, कारण या कागदात इस्तीफाही होता आणि रजामंदीही.

त्यावर सही झाली असती तर चार वर्षे चार महिने पुसले गेले असते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागतात. मोजणी पुन्हा शून्यापासून. पहिल्या कंपनीतल्या सहा वर्षांची ग्रॅच्युइटी तेव्हाच मिळाली होती, तो हिशेब संपलेला. पीएफची चिंता त्यामानाने कमी, यूएएन नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच. राजीनामा देऊन नव्याने रुजू होणारा माणूस नवा उमेदवार ठरतो, आणि ‘पुन्हा घेऊ नये’ हा शेरा नव्या उमेदवारासाठीच असतो. कारखान्याबरोबर आलेल्या माणसाला कोणी ‘पुन्हा घेत’ नसते, तो तिथे असतोच.

एक अडचण राहिली. भावाचा हुद्दा सुपरवायझरचा आणि पगार १८,००० च्या वर. पर्यवेक्षकाला हे संरक्षण एवढ्या पगारावर मिळत नाही. वकील म्हणाले, कोर्ट हुद्दा पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहते. तो तर निम्म्याहून जास्त पाळी स्वतः मशिनचे सेटिंग करतो. म्हणून मागच्या वर्षभराची जॉब कार्डे त्याने जमवून ठेवली. आम्हा शिक्षकांची सेवापुस्तिका तरी असते. कारखान्यातल्या माणसाला आपली सेवापुस्तिका अशी खिशातल्या चिठ्ठ्यांतून बनवावी लागते.

अर्ज आम्ही दोघांनी रात्री बसून लिहिला. भांडणाचा सूर ठेवला नाही. मला काम करायचे आहे, कारखान्याबरोबर माझी बदली मान्य आहे, राजीनामा देत नाही, रुजू झाल्याची मूळ तारीख कायम ठेवावी आणि प्रोबेशन काढावे, एवढेच. आवकचा शिक्का घेतला. त्याच्या पाळीतल्या आणखी सात जणांनी तोच मजकूर आपापल्या नावाने दिला.

तीन आठवड्यांनी सुधारित पत्र आले. मूळ तारीख कायम, प्रोबेशन नाही. पगार तोच, हुद्दाही तोच राहिला, त्यावर त्याने ताणले नाही. तो जुना मॅनेजर म्हणे दोन वर्षांपूर्वीच पुण्याला गेला. अडवलेला तो एक महिन्याचा पगार मात्र अजून त्याच कंपनीकडे आहे. त्याची चिठ्ठी भावाने जपून ठेवली आहे, अर्ज अजून दिलेला नाही.