शेवटच्या जाळीची हवा

वैनगंगेकाठच्या मार्कंड्यापासून चामोर्शी, गडचिरोली, चंद्रपूरपर्यंतच्या मंगल कार्यालयांत हवा तापवण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तेथे वायुवीजनाची, म्हणजे आतली हवा सतत बदलती ठेवण्याची, परीक्षा उन्हाळ्यात डक्ट-कूलरवरच होते. बाहेर 44 अंश तापमान व 15 टक्के आर्द्रता असल्यास ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून ते वाऱ्यात धरल्यावर दिसणारा आकडा, 23 अंशांच्या आसपास येते आणि कूलरच्या धडक्या ताटीतून, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या पडद्यातून, येणारी हवा 27-28 अंशांवर मिळते. ताटीत क्षार साचले की हा हिशेब बिघडतो, हे या कामातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

न सुटणारी अडचण डक्टच्या, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीच्या, टोकाकडच्या शेवटच्या जाळीची आहे. पंख्याजवळच्या जाळ्या हवेचा मोठा वाटा उचलतात, म्हणून पहिल्या फाट्यावरचा डॅम्पर, म्हणजे प्रवाह आवळणारी झडप, किंचित मिटवावा लागतो. पण एक झडप हलली की साऱ्या जाळ्यांचे आकडे हलतात आणि मोजणी पुन्हा पहिल्या जाळीपासून सुरू होते. यावर मोठा पंखा बसवून देणारे ठेकेदार आवाज तेवढा वाढवतात. दोष पुष्कळदा डक्टमध्ये नसतोच: एसीच्या सवयीने खिडक्या मिटल्या की आलेल्या हवेला वाट उरत नाही, सभागृहात दाब चढतो आणि सर्वांत दुबळी जाळी आधी गप्प होते. याउलट देवळाच्या दगडी गर्भगृहाला एकच दार असते, तरी दिव्याचा धूर दाराच्या वरच्या भागातून निघतो आणि थंड हवा उंबऱ्यालगत आत येते. जाण्यायेण्याची ही वाटणी कूलर बसवणाऱ्यांना मात्र सुचत नाही.

प्रस्तुत लेखकाने ओला तळहात जाळीसमोर धरून वेग सांगण्याचा दिमाख अनेक वर्षे मिरवला. आता बोटे बधिर झाली आहेत. एका सभागृहात त्याने शेवटची जाळी ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा शिकाऊ मुलाच्या अ‍ॅनिमोमीटरवर, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या चक्रीवर, निम्माच आकडा होता. लेखकाने बॅटरी बदलायला लावली, आकडा तोच राहिला. मुलाने काही न बोलता मंचामागची खिडकी उघडली आणि चक्री वेगाने फिरू लागली, तरी मालकापुढे श्रेय डॅम्परलाच देण्यात आले.